गलबतातून उतरलेला मूळपुरुष

अमेरिकेतील ‘जुन्या’ म्हणवणाऱ्या घराण्यांचा मूळपुरुष नेहमी गलबतातून उतरतो. त्याला आई नसते, शेजारी नसतात, कर्ज नसते. गाव सोडण्यामागे धर्मस्वातंत्र्याखेरीज दुसरे कारण नसते. १६३०-४० च्या सुमारास तो मॅसॅच्युसेट्सच्या किंवा व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पाय ठेवतो आणि तेथून वंशावळीचे पहिले पान सुरू होते. पुष्कळदा तो एकटाही येत नाही. तिघे भाऊ येतात. एक उत्तरेत राहतो, दुसरा दक्षिणेस जातो आणि तिसऱ्याचे पुढे काय झाले हे कोणास ठाऊक नसते. या ‘तीन भावां’ची तेथील जाणकार वंशशास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या टिंगल केली आहे, तरी ते तिघे मरत नाहीत. एकाच आडनावाची परस्परांशी संबंध नसलेली घराणी एका झाडाला बांधावयास इतकी सोयीची दोरी दुसरी नाही. सोबत एक कुलचिन्ह असते. ढाल, सिंह, खाली लॅटिन वाक्य. इंग्लंडच्या प्रथेप्रमाणे असे चिन्ह व्यक्तीला व तिच्या सिद्ध वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही, ही साधी गोष्ट ते चौकटीत घालून भिंतीवर लावणाऱ्याच्या गावी नसते.

ज्यांच्या घरी जाडजूड कुलवृत्तांत कपाटावर धूळ खात पडला आहे त्या मराठी वाचकास हे सारे फार परके वाटू नये. ‘मूळपुरुष’ हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. इंग्रजीत त्यासाठी दोन-तीन शब्द खर्ची घालावे लागतात. परंतु आपला मूळपुरुष बहुधा कोकणातल्या एखाद्या गावी आधीच बसलेला असतो. अमेरिकेतला समुद्र ओलांडून येतो, आणि त्या ओलांडण्यावरच सारे राजकारण उभे असते.

आमचे म्हणणे असे. इंग्लंडहून आलेल्या पूर्वजाचा शोध हा ज्ञानाचा अत्यंत प्रामाणिक व्यवहार होऊ शकतो, आणि काही थोड्या माणसांनी तो तसा केलेलाही आहे. परंतु गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत तो मुख्यतः सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा वापरला गेला : आम्ही आधी आलो, सबब देश आमचा. ज्याला उतारा काढावयाचा असतो त्याला पूर्वज नकोच असतो. त्याला एक नाव आणि एक तारीख हवी असते. नाव-तारखेच्या मागून खरा माणूस येऊ लागला की हा शोधक दार लावून घेतो.

आधी अंकगणित. आजच्या माणसापासून १६३० च्या दशकापर्यंत साधारण बारा पिढ्या होतात. बारा पिढ्यांमागे प्रत्येकाच्या पूर्वजांच्या ४,०९६ जागा असतात. भाऊबंदांत लग्ने झाली असल्यास काही माणसे दोनदा बसतात, एवढाच फरक. आडनाव देणारा पूर्वज या ४,०९६ जागांपैकी एका जागेवर बसलेला आहे. तोच ‘आमचा पूर्वज’ आणि उरलेले ४,०९५ हे जणू त्याच्या वरातीतले वऱ्हाडी, ही वाटणी रक्ताने केलेली नाही. ती आडनावाने, म्हणजे कायद्याने आणि सवयीने केलेली आहे. न्यू इंग्लंडच्या छापील वंशावळी उघडून पाहाव्यात. पुरुषाचे नाव, व्यवसाय, जमिनीचे एकर, चर्चमध्ये प्रवेश मिळाल्याची तारीख. आणि शेजारी पत्नी : ‘मेरी’, पुढे कंसात एक आडवी रेघ. ती रेघ म्हणजे तिचे माहेर. हजारो पानांवर ती रेघ आहे. ज्या काळी बायकोचे माहेरचे नाव टिपण्याचे कारणच कारकुनाला पडत नव्हते, त्या काळच्या कागदांतून ‘घराण्याचा उगम’ शोधावयाचा म्हणजे निम्मे घराणे आधीच बुडालेले असते.

या रेघेमागे काय दडलेले असू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो, कारण प्रामाणिक शोध म्हणजे काय हेही त्यातच दिसते. जॉन हार्वर्ड हा तरुण पाद्री १६३८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील चार्ल्सटाउन येथे वारला. आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे चारशे पुस्तके त्याने नव्याने निघालेल्या एका कॉलेजला दिली. कॉलेजने त्याचे नाव घेतले. केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात तो शिकला होता एवढे ठाऊक होते. तो कोणाचा कोण, हे मात्र जवळजवळ अडीचशे वर्षे कोणी सांगू शकत नव्हते. १८८४ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला तो कल्पनेने घडवलेल्या चेहऱ्याचा. दुसऱ्याच वर्षी हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स या संशोधकाने उलगडा केला. बोस्टनच्या वंशेतिहास संस्थेने, म्हणजे १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी’ने, त्यास लंडनला धाडले होते आणि तेथे तो सॉमरसेट हाउसमधली जुनी मृत्युपत्रे एकामागून एक वाचीत बसला होता. सापडले काय? थेम्सच्या दक्षिणेकडील सदर्कमध्ये राहणाऱ्या कॅथरीन यिअरवुड नावाच्या विधवेचे १६३५ चे मृत्युपत्र. या बाईचे तीन नवरे वारले होते. पहिला रॉबर्ट हार्वर्ड, व्यवसायाने खाटीक. १६२५ च्या प्लेगने त्यास आणि त्यांच्या बहुतेक मुलांना नेले. वाचलेल्या दोन मुलांपैकी एकाचे नाव मृत्युपत्रात होते : जॉन हार्वर्ड.

म्हणजे ज्याच्या नावाने अमेरिकेतील सर्वांत जुने विद्यापीठ चालते, त्याचा उगम ‘हार्वर्ड’ आडनावाच्या कोणा सरदाराच्या दप्तरात सापडला नाही; तो तिसऱ्या नवऱ्याचे आडनाव लावणाऱ्या आईच्या कागदात सापडला. नुसते आडनाव धरून धावणारा शोधक या मृत्युपत्रावरून डोळे न उघडता पुढे गेला असता. वॉटर्स थांबला, कारण तो नावे गोळा करीत नव्हता, माणसांचे परस्परसंबंध वाचीत होता. आजही जाणते वंशशास्त्रज्ञ हीच रीत सांगतात. इंग्लंडमधील चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून ठेवल्या जाऊ लागल्या. त्यांत एका नावाचे दहा बाप्तिस्मे दहा गावांत सापडतात, आणि १६४० च्या दशकातील यादवी युद्धात कित्येक वह्यांत वर्षेच्या वर्षे कोरी पडली आहेत. नाव जुळले म्हणून माणूस जुळत नाही. शेजारी कोण, साक्षीदार कोण, कोणाबरोबर प्रवास केला, मागे राहिलेल्या कोणत्या आत्याने ‘समुद्रापलीकडच्या भाच्यास’ दहा पौंड ठेवले, हे जुळावे लागते. कधी अख्खे गाव मदतीस येते. नॉरफोकमधल्या हिंगम गावची माणसे मॅसॅच्युसेट्समध्ये जाऊन राहिली तेथेही हिंगम झाले. १६३७ मध्ये आलेला विणकराचा उमेदवार सॅम्युएल लिंकन याच गावात स्थिरावला. त्याचा वंशज एब्राहम लिंकन यास मात्र हे ठाऊक नव्हते. आपले घराणे न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी जोडण्याच्या खटपटीतून दोन्हीकडची पाळण्यातली नावे सारखी निघाली, याहून निश्चित असे काही हाती लागले नाही, असे त्याने १८५९ मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. संबंध पुढे पुराव्याने सिद्ध झाला. पण सिद्ध होईपर्यंत गप्प बसण्याची लिंकनची रीत आम्हांस अधिक शिष्ट वाटते.

जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट याच जातीची. लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सचे प्रमुख सर आयझॅक हर्ड यांनी १७९१ मध्ये त्यास वंशाविषयी विचारले, तेव्हा या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही असे त्याने राष्ट्राध्यक्षपदावर असताना कळविले. हर्ड यांनी मात्र लक्ष दिले आणि सल्ग्रेव्हच्या वॉशिंग्टन घराण्यातील एक जॉन हा व्हर्जिनियात गेलेला जॉन ठरवून टाकला. सात दशके हे पाठ म्हटले गेले. पुढे जोसेफ चेस्टर यांनी दाखवून दिले की तो जॉन ‘सर’ ही पदवी मिळालेला नाइट होता आणि व्हर्जिनियात गेलेला जॉन तो असणे शक्यच नव्हते. खरा बाप १८८९ मध्ये पुन्हा वॉटर्सनेच शोधला : एसेक्समधील पर्ली गावचा पाद्री लॉरेन्स वॉशिंग्टन, ज्यास यादवीच्या काळात, १६४३ मध्ये, दारूच्या गुत्त्यांत बसतो असा ठपका ठेवून पदावरून काढले होते. ठपका खरा की राजकीय वैराचा, हा वाद वेगळा. निर्धन झालेल्या घरातला मुलगा तंबाखूच्या व्यापारी जहाजावर चढला आणि १६५६-५७ मध्ये व्हर्जिनियात पोहोचला, हे यातून समजते. नाइट गेला, कामावरून काढलेल्या पाद्र्याचा मुलगा आला. इतिहासाच्या दृष्टीने ही केवढी कमाई आहे! परंतु ज्यास फक्त ढाल आणि सिंह हवे होते त्याच्या दृष्टीने हा तोटाच.

तोटा होऊ नये म्हणून बाजार उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास होरेशियो गेट्स सॉमर्बी हा मॅसॅच्युसेट्सचा गृहस्थ इंग्लंडमध्ये राहून अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी पूर्वज शोधून देत असे. न सापडल्यास तयार करून देत असे. या कलेचा खरा उस्ताद मात्र गुस्ताव आंजू. स्वीडनमध्ये बनावट दस्तऐवजांबद्दल शिक्षा भोगून, नाव बदलून, तो १८९० मध्ये अमेरिकेत आला आणि १९४२ मध्ये मरेपर्यंत शंभराहून अधिक घराण्यांचे बनावट वंशवृत्तांत त्याने भारी मोबदला घेऊन लिहिले. त्याची हातोटी मनोरंजक होती. पानोपानी तो खऱ्या कागदांचे हवाले देई. ते कागद अस्तित्वात असत, त्यांत तो म्हणतो तेच लिहिलेले असे. मध्येच कोठेतरी एक बाप्तिस्म्याची नोंद किंवा एक मृत्युपत्र, ज्यावर सारा सांधा अवलंबून, तेवढेच त्याच्या डोक्यातून निघालेले. नव्व्याण्णव वाळ्यांत एक पितळी बसवावा तसे. त्याचा सारा उद्योग १९९१ मध्ये पद्धतशीरपणे उघडकीस आणला गेला, परंतु तोवर ती पुस्तके ग्रंथालयांत मानाने बसली होती, त्यांवरून दुसरी पुस्तके झाली होती. आज त्यांतलीच माहिती संगणकावरच्या वंशवृक्षांत एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडते आहे. पडद्यावर एक छोटे हिरवे पान हलते, त्यावर टिचकी मारली की चार पिढ्या आपल्या झाडाला येऊन चिकटतात. ‘अँसेस्ट्री’ ही यातली सर्वांत मोठी कंपनी २०२० मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेने सुमारे ४.७ अब्ज डॉलरना घेतली. आंजूचे दुकान यापुढे पानपट्टीची टपरी ठरावी.

याउलट रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांचे काम पाहा. १६२० ते १६४० या काळात सुमारे वीस हजार माणसे न्यू इंग्लंडमध्ये आली. त्यांतील प्रत्येकाविषयी मूळ कागदांत खरोखर काय सापडते एवढेच लिहावयाचे, हा प्रकल्प त्यांनी १९८८ मध्ये हाती घेतला आणि १९९५ मध्ये त्याचे पहिले तीन खंड निघाले. त्यांत ‘उगम’ या मथळ्याखाली अनेक जागी एकच शब्द आहे : ‘अज्ञात’. आमच्या मते अमेरिकन वंशशास्त्रातला हा सर्वांत प्रतिष्ठित शब्द होय. विद्यापीठांतले इतिहासकार वंशावळी काढणाऱ्यांकडे नाक मुरडून पाहतात. त्यांनी हे खंड चाळले तर निम्मी नाके सरळ होतील.

बरे, कागद नीट वाचले तर गलबतातून खरोखर कोण उतरते? मेफ्लॉवर घेऊ, कारण तेथूनच सर्वांना उतरावयाचे असते. १६२० मध्ये या जहाजावर १०२ प्रवासी होते. पहिल्याच हिवाळ्यात त्यांपैकी निम्मे मेले. प्रवाशांत श्रॉपशरच्या शिप्टन येथील चार भावंडे होती : एलेन, जॅस्पर, रिचर्ड आणि मेरी मोर. सर्वांत मोठे आठ वर्षांचे. ही मुले बायकोला परपुरुषापासून झाली असे मानणाऱ्या त्यांच्या कायदेशीर बापाने त्यांना आईपासून काढून घेऊन या जहाजावर परक्यांच्या हाती सोपवले. तिघे त्या हिवाळ्यातच गेले. रिचर्ड जगला, मोठा होऊन खलाशी कप्तान झाला. या मुलांना कोणते धर्मस्वातंत्र्य हवे होते? याच जहाजावरचा जॉन हॉवलंड हा दुसऱ्याचा चाकर होता. वादळात समुद्रात पडला आणि लोंबकळणारा दोर हाती आला म्हणून वाचला. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोघे बुश राष्ट्राध्यक्ष या चाकराच्या वंशातले. हे सांगताना आज ‘मेफ्लॉवर’ हा शब्द मोठ्याने उच्चारला जातो, ‘चाकर’ हा तोंडातल्या तोंडात.

न्यू इंग्लंड सोडून दक्षिणेस गेले की चाकरांचाच लोंढा. ब्रिस्टल बंदरात १६५४ ते १६८६ या काळात व्हर्जिनिया, बार्बाडोस आदी ठिकाणी करारावर गेलेल्या दहा हजारांहून अधिक माणसांची वही ठेवली गेली. ती वही निघाली त्याचे एक कारण म्हणजे माणसे फसवून, पळवून जहाजांवर चढवली जात होती. प्रवासाचे भाडे दुसऱ्याने भरायचे, बदल्यात चार ते सात वर्षे राबायचे; आपल्या गिरमिटियांची कहाणी ज्यांनी वाचली आहे त्यांना हा करार ओळखीचा वाटेल. १७१८ च्या कायद्यानंतर त्यांत कैद्यांची भर पडली. अमेरिकन क्रांतीपर्यंत सुमारे पन्नास हजार शिक्षा झालेली माणसे या वसाहतींत पाठवली गेली, बहुतेक व्हर्जिनिया-मेरीलंडला. एवढी माणसे आली, त्यांतली निदान काही तरी मुलेबाळे मागे ठेवून मेली असतील. मग दिवाणखान्यात टांगलेल्या वंशवृक्षांत चोर जवळजवळ नाहीतच, हे कसे?

व्हर्जिनियात १६१८ पासून जो कोणी एका माणसाचे भाडे भरी त्यास पन्नास एकर जमीन मिळे. जमिनीच्या सनदांत अशा आणलेल्या माणसांच्या याद्या आहेत आणि मूळपुरुष शोधणाऱ्यांचे हे आवडते कुरण आहे. एका यादीतले नाव जुळले की झाले, पूर्वज सापडला, सन सापडले! वस्तुतः सनदेचे वर्ष म्हणजे आगमनाचे वर्ष नव्हे, हे हक्क विकले-घेतले जात, एकच माणूस दोन-दोन मालकांच्या यादीत दाखवला जाई. ही यादी माणसांची म्हणण्यापेक्षा पावत्यांची आहे. अशाच एका यादीत, १६३५ मध्ये, जॉर्ज मेनिफी नावाच्या व्यापाऱ्याने आणलेल्या माणसांत एक नोंद आहे : ‘टोनी, ईस्ट इंडियन’. तो हिंदुस्थानच्या कोणत्या किनाऱ्यावरचा, की त्याही पलीकडच्या बेटांवरचा, ते त्या दोन शब्दांवरून ठरत नाही. पण त्याच यादीत, त्याच पन्नास एकरांच्या भावाने, त्याच्या मागेपुढे इंग्रज नावे आहेत. त्या इंग्रजांचे वंशज आज स्वतःस या भूमीचे आद्य पुत्र म्हणवतात. टोनीही त्याच हिशेबाने आला होता.

आद्य पुत्रांच्या संस्था कोणत्या वर्षी निघाल्या ते पाहण्यासारखे आहे. ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ १८८९, ‘डॉटर्स’ १८९०, मेफ्लॉवरच्या वंशजांची मध्यवर्ती संस्था १८९७. याच दशकात इटली, पोलंड, रशियातून येणाऱ्या कॅथलिक व ज्यू लोकांची गर्दी वाढत होती आणि १८९४ मध्ये बोस्टनमध्ये हार्वर्डच्याच पदवीधरांनी परदेशीयांना अटकाव करण्यासाठी ‘इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीग’ काढली. पूर्वजांविषयीची ही एकाएकी उसळलेली भक्ती निव्वळ भक्ती होती असे मानावयास आम्ही तयार नाही. तिचे फळ १९२४ च्या कायद्यात आले. कोणत्या देशातून किती माणसे घ्यावयाची, हे अमेरिकेतील लोकसंख्येचे ‘मूळ’ कोणते त्या प्रमाणात ठरवावयाचे होते. आणि ते मूळ मोजण्यासाठी विद्वानांची समिती बसवून १७९० च्या जनगणनेतली आडनावे तपासली गेली. आडनाव इंग्रजी वाटते की जर्मन की आयरिश, यावर माणसांचे कोटे ठरले. १९२९ पासून अंमलात आलेल्या आकड्यांत वर्षाच्या सुमारे दीड लाख जागांपैकी ६५,७२१ एकट्या ब्रिटनला मिळाल्या. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज या ‘मुळा’च्या हिशेबात धरलेच नव्हते. हिंदुस्थानच्या नावे शंभर जागा होत्या, परंतु त्या नागरिकत्वास पात्र असणाऱ्यांसाठी. आणि हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, सबब पात्र नाही, हे भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्येच सांगून टाकले होते. म्हणजे हिंदुस्थानचा कोटा, पण हिंदुस्थानी वगळून. हे राष्ट्रीय कोटे १९६५ च्या कायद्याने गेले. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात आज गणपती बसवणारी बहुतेक मराठी घरे त्यानंतर तेथे गेली. ‘वंशावळ हा निरुपद्रवी छंद आहे’ हे वाक्य त्यांनी तरी सहज मान्य करू नये.

आता एक प्रसंग. बेंजामिन फ्रँकलिनचा बाप जोसाया हा रंगारी. १६८३ च्या सुमारास इंग्लंडहून बोस्टनला आला. १७५८ मध्ये फ्रँकलिन आपला मुलगा विल्यम यास घेऊन नॉर्दॅम्प्टनशरमधील एक्टन या पूर्वजांच्या गावी गेला. चर्चची नोंदवही पाहिली. पाच पिढ्या आपण धाकट्याचे धाकटे आहोत असे त्यातून निघाले. या भेटीचा वृत्तांत त्याच्या आत्मचरित्राच्या आरंभी येतो आणि वंशशोधाचा आदर्श म्हणून तो नेहमी सांगितला जातो. आत्मचरित्रात जे नाही ते त्याने सप्टेंबर १७५८ मध्ये पत्नीस लिहिलेल्या पत्रात आहे. पूर्वजांच्या थडग्यांवर इतके शेवाळ माजले होते की अक्षरे वाचता येईनात. तेथील पाद्र्याच्या पत्नीने पाणी आणि राठ ब्रश मागवला, पीटरने दगड घासून स्वच्छ केले आणि विल्यमने अक्षरे उतरवून घेतली.

पीटर हा फ्रँकलिनचा गुलाम होता. अमेरिकेहून निघण्यापूर्वी १७५७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात, आपल्या मरणानंतर पीटर व त्याची बायको जेमायमा यांस मुक्त करावे असे फ्रँकलिनने लिहून ठेवले होते. विल्यमचा गुलाम किंग हाही इंग्लंडला आणलेला. तो पळून गेला. पीटर राहिला आणि त्याने एक्टनच्या स्मशानात गुडघे टेकून परक्याच्या पूर्वजांची नावे वाचण्याजोगी केली. त्याच्या स्वतःच्या बापाचा दगड कोठे होता? बहुधा दगडच नव्हता. फ्रँकलिनला दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्याने पीटरचे नाव पत्रात लिहिले, हीच त्या काळच्या मानाने मोठी गोष्ट. दोष त्यांचा, जे अडीचशे वर्षे हा प्रसंग सांगताना नोंदवही सांगतात, दगड सांगतात, विल्यमची नक्कल सांगतात आणि ब्रश कोणाच्या हाती होता ते गाळतात. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत : मालकाचे नाव, खाली वय, लिंग, रंग. माणसाचे नाव क्वचितच. मुक्त झालेल्या बहुतेकांची नावे देशाच्या जनगणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये. एका शेजाऱ्याची वंशावळ १५३८ पर्यंत जाते आणि दुसऱ्याची १८७० च्या भिंतीवर आपटते, हे दैव नव्हे. तसे लिहून घेतले गेले म्हणून ते तसे आहे.

‘त्यांचे पूर्वज वेगळे, आमचे वेगळे, ज्याने त्याने आपले शोधावेत’ हे उत्तर येथे मिळते. ते टिकत नाही. मॅडिसन हेमिंग्ज या सुताराने १८७३ मध्ये ओहायोतील एका वर्तमानपत्रात आपली हकीकत छापवली. तो म्हणतो, माझ्या आजीचा बाप इंग्रज होता. इंग्लंड आणि विल्यम्सबर्ग यांच्या दरम्यान चालणाऱ्या एका व्यापारी जहाजाचा कप्तान, आडनाव हेमिंग्ज. आफ्रिकेहून आणलेल्या बाईपासून झालेली आपली मुलगी विकत घेण्याची त्याने खटपट केली, मालकाने दिली नाही. ती मुलगी एलिझाबेथ. पुढे ती जॉन वेल्स यांच्या मालकीत होती. वेल्स हाही लँकेस्टरहून आलेला इंग्रज, आणि त्याच्यापासून एलिझाबेथला झालेल्या मुलांपैकी एक सॅली. सॅलीपासून टॉमस जेफरसनला मुले झाली, त्यांतला एक मॅडिसन. म्हणजे इंग्लंडहून वसाहतीत आलेला पूर्वज हीच कसोटी असेल तर या घराण्याने ती आईच्या बाजूनेच दोनदा पार केली आहे, आणि बापाच्या बाजूस प्रत्यक्ष स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा आहे. १९९८ मध्ये डीएनएची चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष मॅडिसनच्या कुटुंबाच्या सांगण्यास धरून निघाला. २००० मध्ये माँटिसेलो चालवणाऱ्या न्यासाने अभ्यासाअंती तेच मत दिले.

जेफरसनच्या मुलींकडून आलेल्या वंशजांची ‘माँटिसेलो असोसिएशन’ नावाची संस्था आहे; तेथील कुटुंबाची दफनभूमी तिच्या ताब्यात आहे. हेमिंग्जांच्या वंशजांना सभासद करून घ्यावे काय, यावर २००२ मध्ये मतदान झाले आणि मोठ्या बहुमताने नकार देण्यात आला. पुरावा अपुरा आहे, असे कारण दिले गेले. पुराव्याविषयी इतकी कडक दृष्टी आम्हांस आदरणीयच वाटली असती. फक्त आंजूच्या पोथ्या ज्या कपाटांत शंभर वर्षे निर्वेधपणे बसल्या, त्या कपाटांकडे ती कधी वळली नाही. मॅडिसनच्या हकीकतीत कप्तानाचे पाळण्यातले नाव नाही, जहाजाचे नाव नाही. आडनाव तेवढे आहे, आणि ते ज्या मुलीने पुढच्या पिढ्यांना दिले तिला स्वतःला ते कोणत्याही चर्चच्या वहीत लिहून मिळाले नव्हते.